लेकराची मूठ

जात्याला हात लावायच्या आधी एक मूठ देवाची, ही आमच्या सात घरांची रीत. सासूनं मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी शिकवली, अंगाची हळद बी उतरली नव्हती. सुपातून एक मूठ ज्वारी उचलायची, डोळे मिटायचे, प्रभू तुझं तुला म्हणायचं आन् जात्याजवळच्या गाडग्यात टाकायची. गाडग्यावर चुन्यानं क्रूस काढलेला. ते गाडगं एकदा देवाचं झालं की मग त्यात आपला हात घालायचा न्हाई, घरात किती बी तकलीफ असो. आयतवारी समद्या बाया आपापलं गाडगं डोक्यावर घेऊन प्रार्थनेच्या खोलीत जायच्या आन् तिथल्या रांजणात वतायच्या. त्यातूनच मास्तरची भाकर व्हायची, आन् ज्या घरात माणूस पडलं त्या घराला बी त्यातूनच जायचं. मास्तर म्हंजी आमचे उपदेशक. हिंगोलीकडून चालत यायचे, महिन्यातून दोन डाव, धुळीनं गुडघ्यापर्यंत पांढरे झालेले.

मी भित्री हाय, हे आधीच सांगते, म्हंजी मागून कुणी म्हणाया नको. ढगाला भेते, पाटलाच्या कुत्र्याला भेते, खाकी कपड्याला तर लांबूनच भेते. माहेर मव्हं नरसीकडचं, तिथं मिशनच्या शाळेत तिसरीपर्यंत गेले, मग लग्न झालं आन् शिरड शहापूरच्या अलीकडच्या ह्या गावात आले. सासू म्हणायची, सून आणाया गेलो व्हतो, ससा घेऊन आलो. आता मास्तरनं समद्यांना साक्ष लिहाया सांगितली हाय, देवानं तुमच्या घरी काय केलं ते लिहा म्हणले, वाचून दुसऱ्याला धीर यावा असं लिहा, गोड लिहा. मला गोड येत न्हाई. जसं झालं तसं लिहिते, धाकटं मांडीवर झोपलंय, ते उठायच्या आत जेवढं व्हईल तेवढं.

ते साल लेव्हीचं. तिकडं दूर कुठं लढाई चालली व्हती आन् हिकडं हुकूम आला का ज्वारी सरकारात घाला. जेची जमीन तेनं घालायची. आमची तर खाटंएवढी जमीन न्हाई, मला वाटलं आमाला काय तेचं. पण आमाला मजुरी मिळायची ती ज्वारीतच ना. मोठ्या शेतकऱ्यांनी ज्वारी लपवली, कुणी कडब्याच्या गंजीत, कुणी जमिनीतल्या पेवात, वरून शेण सारवून, आन् आमी दिसभर काढणी करून पदर पसरला का म्हणायचे, बाई, दाणा हाय कुठं, सरकारनं नेला. खोटं बी न्हाई पुरं आन् खरं बी न्हाई. मव्हा नवरा पूर्णेच्या टेसनात हमालीला गेला. घरी मी, सासू, चार वर्साची लेक आन् अंगावर पिणारं एक तान्हं, ते तव्हाचं, हे मांडीवरचं तेच्या मागचं.

एक दिवस सकाळी सूप घेतलं तर सुपाचं बूड दिसून राहिलं. एवढ्याशा दाण्याच्या दोन भाकरी व्हायच्या का एक, ह्याच इचारात म्या मूठ भराया हात घातला आन् मला मव्हाच हात लई मोठा वाटला. तसाच थांबला. रीत मोडायची हिंमत न्हाई, मूठ भरायची बी हिंमत न्हाई. पोरगी जात्याच्या पलीकडं पाय पसरून बसली व्हती, नाक वाहून राहिलं व्हतं तिचं. मी तिला म्हणलं, आज तू टाक गं देवाची.

तिनं मूठ भरली. केवढीशी मूठ ती, चिमणीला बी दुसऱ्यांदा यावं लागंल अशी. डोळे इतके आवळले का समदं तोंडच गोळा झालं, आन् प्रभू तुजं तुला म्हणून तिनं गाडग्यात टाकली. मला सुटल्यासारखं झालं. रीत बी राहिली, दाणे बी वाचले. तिथून मग रोजचंच झालं.

पोरगीला वाटायचं हे तिचंच काम हाय. कुठं बी खेळत असो, जात्याचा आवाज आला का पळत यायची, थांब, देवाची टाकू दे म्हणायची, मव्हा हात खुंट्यावरून काढायची. गाडग्यात तोंड घालून आत बोलायची, जेव बरं, सांडू नको. एक दिवस आजीला इचारलं का देवाला दात हायेत का, कच्ची ज्वारी कशी खातो. सासू म्हणली, काय करंल बाई, त्याला दळून द्यायला सून न्हाई. आमी तिघी हसलो. भूक असताना हसलं का पोटात दुखतं, तरी हसलो.

सासूच्या डोळ्यात मोतीबिंदू. दिसायचं कमी पण हाताला समदं कळायचं. आयतवारी गाडगं उचलून डोक्यावर घेताना म्हणली, हलकं लागून राहिलं गं. मी म्हणलं, आत्याबाई, दळणच हलकं तर गाडगं कुठून जड व्हईल.  ती दोन्ही हातांनी गाडगं तोलत जरा वेळ उभी राहिली, ते मला बरं वाटलं न्हाई.

मग झडती आली. दुपारची येळ, ऊन असं का माती पायाला चिकटून राहिली व्हती. मोठ्यांचा दाणा मजुरांच्या घरात लपवलाय अशी खबर कुणी तरी दिली. कुणी दिली ते गावातली शेरडं बी सांगतील, कारण पाटलाच्या पेवापासून लोकाचं ध्यान दूर न्यायला आमच्याएवढी सोयीची घरं दुसरी कुठं हायेत. पाटील, गिरदावर आन् दोन शिपाई. गिरदावर म्हंजी महसुलाचा साहेब, उर्दूत बोलायचा, पाटील ते आमाला मराठीत सांगायचा, आन् सांगताना आपल्या पदरचं बी घालायचा.

घराघरात गेले, मडकी उलटी केली, गोधड्या झटकल्या, काही न्हाई. मग प्रार्थनेची खोली उघडायला लावली. किल्ली मव्ह्या सासूकडं. रांजण अर्धा भरला व्हता, सात घरांची कैक हप्त्यांची मूठ. गिरदावरनं इचारलं, कुणाचा माल हाय. सासू म्हणली, देवाचा. मी आमच्या दाराच्या फटीतून ऐकून राहिले व्हते, आमचं घर खोलीला लागूनच.

पाटील हसला. म्हणला, देवाच्या नावावर किती जमीन हाय गं म्हातारे, कोणत्या शिवारात.

सासू म्हणली, हसू नका पाटील. तेचंच हाय.

"मग बोलव तेला," पाटील म्हणला. "येऊ दे, अंगठा लावू दे, आमी जातो माघारी. कुठं हाय?"

"हितंच हाय."

"हितं तर मला तूच दिसून राहिली."

शिपाई बी हसले. रांजण आडवा केला, ज्वारी पोत्यात गेली, सुर्रर्र आवाज झाला, तो आवाज मला अजून कव्हा कव्हा जेवताना ऐकू येतो. तेवढ्यावर जायचे ना. पण एक शिपाई आमच्या घरात शिरला आन् जात्याजवळचं गाडगं उचललं. मी तान्ह्याला घेऊन दाराच्या मागं. दार आन् भिंत, मधी मी. तान्ह्यानं आवाज करू नये म्हून म्या तेचं तोंड छातीशी दाबून धरलं व्हतं.

पोरगी जात्याजवळ व्हती. तिनं गाडग्यात हात घातला आन् मूठ भरून घेतली. देवाचं हाय म्हणली. ओरडली न्हाई, सांगितल्यासारखं म्हणली, जसं मोठं माणूस एखाद्याला समजावून सांगतं. शिपाई म्हणला, सोड. तिनं मूठ पोटाशी धरली. तो खाली बसला, तिचं मनगट धरलं आन् एकेक बोट उलगडलं. घाई न्हाई, राग न्हाई. भुईमुगाच्या शेंगा फोडतात तसं. दाणे गाडग्यात पडले, गाडगं पोत्यात रितं केलं, आन् रिकामं गाडगं तेनं परत जात्याजवळ ठिवलं बी, नीट.

पोरगी रडली न्हाई. तिनं दाराकडं बगितलं. दाराच्या फटीतून मव्हे डोळे तिला दिसले. आमी दोघींनी एकमेकीला बगितलं आन् मव्हा पाय निघाला न्हाई. हे म्या कुणाला सांगितलं नव्हतं. आता लिहिलं.

तिसऱ्या दिवशी तिला हीव भरलं. त्या दिवसांत समद्या गावातच हिवताप व्हता, वढ्याच्या अंगाला तर घरटी एक माणूस पडलेलं. आधी थंडी वाजून दात वाजायचे, मग अंग तव्यासारखं. पाचव्या दिवशी ती मला वळखंना. आन् मग भर दुपारी आकडी आली. डोळे वर गेले, अंग ताठ, आन् दोन्ही मुठी अशा आवळल्या का नखं आत रुतली. म्या उघडाया गेले आन् तसाच हात मागं घेतला. मला त्या शिपायाची बोटं आठवली. म्या तिची मूठ उघडली न्हाई.

सासू हाताच्या अदमासानं आली, पोरगीच्या अंगावरून हात फिरवत फिरवत मुठीपाशी आली आन् तिथंच थांबली.  मग मला म्हणली, "गाडग्यात कुणाची मूठ टाकत व्हतीस तू? खरं सांग."

म्या सांगितलं. काय लपवू.

ती तिथंच भुईवर बसली. म्हणली, मग घेतलं देवानं. आता हे लेकरू तो ठिवत न्हाई. असं म्हणली जसं आभाळ बगून पाऊस येतो का न्हाई सांगावं. रागावली असती तर बरं झालं असतं.

दोन दिवस ती मव्ह्याशी बोलली न्हाई. गावातून निरोप येऊन राहिले. पाटलीणबाईनं सांगून पाठवलं का औंढ्याला नवस बोल, आपला बापजाद्याचा देव सोडून गेलात तव्हाच हे व्हणार व्हतं. कुणी म्हणलं, ह्यांचा देव परमुलुखातला, तेला हिकडची वाट कशी सापडंल. पाणवठ्यावर तर आमाला पाणी वरून वाढायचे, घागर खाली धरायची आन् कुणी येईल तेची वाट बगायची. त्या दिवशी मी घागर घेऊन उभी राहिले तर एक बाई पाणी वाढता वाढता म्हणली, काय गं, तुव्हा देव हाय का गेला पोत्यात बसून. बाकीच्या हसल्या.  घागर अर्धीच भरली व्हती तरी घेऊन आले.

एक धनगराची म्हातारी तेवढी आली. तिचा कळप आमच्या मागच्या माळावर बसला व्हता. वाटीत शेळीचं दूध घेऊन दारात उभी राहिली, आत येऊ का बी इचारलं न्हाई, आत येऊनच बसली. सासू म्हणली, आमच्या घरात देवाचा कोप झालाय बाई, तू कशाला आली. म्हातारी म्हणली, "दूध निवून राहिलं. आधी पाजा. देवाचं मागून बगू." तिनं स्वतः कापसाच्या बोळ्यानं दूध पोरगीच्या व्हटात पिळलं. जाताना म्हणली, उद्या येते, शेळी कुणाच्या कोपाला इचारून दूध देत न्हाई. ती रोज येत राहिली.

मास्तर आले ते शनवारी. आमच्या घरचं कळलं तसं हिवतापाच्या औषधाच्या, कोयनेलच्या पुड्या घेऊनच आले, कुठून तरी मागून. आल्या आल्या एक पुडी मधात कालवून दिली, पोरगीनं अर्धी थुंकली. दुसऱ्या दिवशी आयतवार. रांजण रिता, खोलीत बसवंना कुणाला, तर समदे आमच्याच घरी जमले, आत सात-आठ बाया, दारात पुरुष. मी पोरगीला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसले. गाणं कुणी लावलं ते बी दुसऱ्या कडव्यात ईरून गेलं.

तव्हा सासू उठली. समद्यांच्या पुढं म्हणली का मास्तर, मव्ह्या घरात पाप झालंय. सुनेनं देवाला फसवलं. स्वतःची मूठ राखली आन् लेकराच्या मुठीनं टाकत राहिली. म्हून लेकराची मूठ आवळली हाय बगा, या, बगा येऊन.

कुणी हललं न्हाई. पण समद्यांनी बगितलं, बसल्या जागेवरून. एका बाईनं आपलं लेकरू जवळ ओढून घेतलं.

मास्तर काही वंगाळ माणूस न्हाई. पण तेंना बी काही तरी बोलावं लागणार व्हतं. तेंनी शास्त्र उघडलं, त्या नवरा-बायकोची गोष्ट काढली, ज्यांनी जमीन विकली आन् देवाला द्यायच्यातलं थोडं मागं ठिवलं, आन् दोघंबी जागीच पडली. हळूच वाचलं तेंनी, मव्ह्याकडं न बगता. मग म्हणले, बाई, माफी माग. तो दयाळू हाय. मागितलं तर ऐकंल.

 मांडीवर पोरगीचं अंग भाजून राहिलं आन् मव्हे दात वाजून राहिले. मी आजपावेतो चार माणसांत बोलले नव्हते, मंगळसूत्राच्या दिवशी पाद्रीसाहेबानं इचारलं तव्हा बी मान हलवली व्हती नुसती. पण मला ते दार दिसलं, आन् दारामागं मी दिसले, आन् मला वाटलं आता बी गप बसले तर परत दारामागंच.

"माफी मागते, मास्तर," मी म्हणलं. "पण मुठीची न्हाई. शिपाई हिची बोटं उलगडून राहिला तव्हा मी दाराआड व्हते, हिनं मला बगितलं आन् मी आले न्हाई. तेची मागते, आन् ती बी ह्या लेकराला मागते."

सासू म्हणली, गप. देवाच्या पुढं बोलून राहिलीस तू.

"देवाच्याच पुढं बोलून राहिले, आत्याबाई. तो काय गिरदावर हाय का, घरात घुसून गाडगं उलटं करून बगायला? ज्यानं हिची बोटं उघडली तेच्या घरी कुणाला ताप न्हाई. पाटलाच्या अंगणात दोन पेवं हायेत, समद्यांना ठावं हाय, तिकडं कुणाची मूठ वाकडी झाली? आन् देवानं धरलं ते मव्हं लेकरू, चार दाण्यांसाठी? रोज गाडग्यात तोंड घालून तेला जेव म्हणायचं ते लेकरू? असा देव असंल तर तो लेव्हीवालाच हाय. तेला मी हात जोडणार न्हाई. मारायचं तर मारू दे."

 मला वाटलं आता मास्तर रागावतील. ते रागावले न्हाईत. मला हिणवायला न्हाई, खरंच इचारायचं म्हून तेंनी इचारलं, "मग कुठं हाय तो, बाई?"

हे म्या आधी ठरवलं नव्हतं. रात-दिस ती मूठ बगून बगून ते आपोआप मनात आलं असंल.

"हितं हाय," म्या म्हणलं आन् पोरगीची मूठ उचलून दाखवली. "तेच्या हातात खिळे ठोकले म्हणता ना तुमी. बंद मुठीत कसे ठोकतील? कुणी तरी तेचं मनगट धरून एकेक बोट उघडलंच असंल का न्हाई. शिपायानं हिची बोटं उघडली तव्हा तेची बी उघडली. तो हिच्यासंगं जात्यापाशी व्हता. मी नव्हते, तो व्हता."

मास्तरनं शास्त्र मिटलं. आन् मव्ह्या शेजारी येऊन मांडी घातली, खिशातून रुमाल काढला, पाण्यात भिजवला आन् पोरगीच्या कपाळावर ठिवला. पुढं मला एकदा म्हणले, बाई, मला शाळेत एवढं शिकवलं न्हाई.

पण मला सांगायचंय ते सासूचं. ती तशीच उभी व्हती, मेढीच्या खांबाला धरून. मग खाली बसली आन् कुणाकडं तोंड न करता बोलू लागली. मव्हं थोरलं, म्हणली. मला कुणी कव्हा थोरल्याचं सांगितलं नव्हतं, मला वाटायचं मव्हा नवराच तिचं पहिलं. म्हणली, तुव्हा नवरा पोटात व्हता तव्हा, मोठा दुकाळ पडला तव्हा. आमचा बाप्तिस्मा नवीनच झाला व्हता. घरात काही न्हाई. मी बी तेच केलं. थोरल्याच्या मुठीनं टाकत राहिले. पंधरा दिवसांत ताप आला आन् गेला तो. म्या कुणाला सांगितलं न्हाई, सासऱ्याला न्हाई, तेच्या बापाला न्हाई. तव्हापासून मी मूठ भरून टाकती, सांडंपर्यंत भरून टाकती, का आता तरी तेचा राग जावा.

मग तिनं मव्ह्याकडं तोंड केलं, डोळे दुसरीकडंच.

"तेला देवानं न्हाई नेलं, मग?"

"न्हाई, आत्याबाई. तापानं नेलं."

"आन् देव?"

"तो तेच्यासंगं गेला असंल. एकट्याला कसा सोडंल."

सासू रडली. मी तिला कव्हाच रडताना बगितलं नव्हतं, आन् ती रडली बी लाजून, पदर तोंडात घालून. आयतवारची प्रार्थना त्या दिवशी झालीच न्हाई म्हणायची. बाया उठल्या, कुणी चूल पेटवली, कुणी पाणी आणायला गेली. जाताना एकदोघींनी मव्ह्या पाठीवरून हात फिरवला, एकीनं न्हाई फिरवला, ती अजून बी मव्ह्याशी नीट बोलत न्हाई. तिला वाटतं मी देवाला शिवी दिली. वाटू दे.

ताप उतरायला आणिक आठ दिवस लागले. कोयनेल, शेळीचं दूध, ओली पट्टी. कशानं उतरला मला ठावं न्हाई. मी असं म्हणणार न्हाई का मी बोलले म्हून देवानं ऐकलं, कारण त्याच हप्त्यात आमच्या वळीतलं शेवटच्या घरचं लेकरू गेलं, आन् तेची माय मव्ह्याहून जास्ती प्रार्थना करणारी. मी तिच्याकडं गेले, तिच्याजवळ बसले. बोलायसारखं तिच्यापाशी काही नव्हतं, बसायसारखं व्हतं.

मव्ही पोरगी उठली. डावा हात सुटला. उजवा न्हाई सुटला. बोटं आत वळलेली ती तशीच राहिली, मनगट बी जरा वाकडं. गावातल्या बाया लगेच म्हणल्या, बगा, ज्या हातानं देवाला फसवलं तोच हात धरला. मी पहिल्यांदा ऐकलं तव्हा घरात येऊन भांडी घासली, घासलेलीच परत घासली.

पोरगी उठल्यावरच्या आयतवारी म्या तेच गाडगं घेतलं, क्रूस पुसट झाला व्हता तो चुन्यानं नवा काढला, पोरगीला कडंवर घेतलं आन् प्रार्थनेची खोली घराला लागून तरी गावातून वळसा घालून गेले, चावडीवरून. का गेले मला सांगता येत न्हाई. पाटील पारावर बसला व्हता, चार माणसं भवती. तेचं कुत्रं उठून उभं राहिलं. 

पाटील म्हणला, "काय गं, सापडला का तुव्हा देव?"

"व्हय, पाटील," म्या म्हणलं. "तुमच्या पोत्यात घालून नेला व्हता ना. पायी चालत माघारी आला."

पारावर कुणी तरी हसलं, पाटलाच्याच बाजूचं. मी थांबून बगितलं न्हाई कोण ते. मला थांबताच आलं नसतं. खोलीत जाऊन दार लावलं आन् तिथंच बसकण मारली, गाडगं मांडीवर, पोरगी इचारून राहिली का आई तू घामानं काहून भिजलीस, ऊन तर न्हाई.

आता राज बदललं म्हणतात. निजामाचं गेलं, दुसरं आलं. मधल्या दिवसांत बंदूकवाले आले, गेले, लोकं रानात पळाली, आमी बी पळालो, मी समद्यांच्या पुढं. पाटलानं आता पांढरी टोपी घातली हाय, तेच्या पेवावर अजून बी शेण सारवलेलंच हाय. नवरा परत आला, टेसनात पाठीवर पोती वाहून वाहून एका अंगाला वाकून. सासूला आता दिसतच न्हाई. पोरगी आता शाळेत जाती, डाव्या हातानं पाटीवर लिहिती, अक्षर मव्ह्याहून बरं हाय. डाव्या हातानंच चिंचा पाडती, नेम असा का पोरं तिला आपल्या गड्यात घ्यायला भांडतात. कुणी तिच्या उजव्या हातावरून बोललं तर म्हणती, ह्यात देवाचं ठिवलंय, उघडत नसतं.

मास्तर म्हणले का साक्षीच्या शेवटी लिही, देवानं लेकराला बरं केलं. कसं लिहू. बरं झालंय ते बी हाय आन् झालं न्हाई ते बी हाय. मी आज बी ढगाला भेते. मला आज बी कळत न्हाई का शेवटच्या घरचं लेकरू काहून गेलं आन् मव्हं काहून राहिलं, आन् जो कुणी मला सांगंल का मला कळतं, तेच्यावर मव्हा भरवसा न्हाई. मला एवढंच ठावं हाय का जात्यापाशी त्या दुपारी कोण बसलं व्हतं आन् दारामागं कोण उभं व्हतं.

सकाळी दळायला बसले का पोरगी येती. डाव्या हातानं सुपातले दाणे उचलती आन् उजव्या हाताच्या वळलेल्या बोटांत एकेक करून बसवती, जागा व्हईल तेवढे. मग डोळे आवळती, तसेच, समदं तोंड गोळा करून. गाडग्यावर हात झटकती. काही पडतात, काही पडत न्हाईत, अडकून राहतात, मग दिसभर ते तिच्याच मुठीत असतात, शाळेत बी, झोपताना बी. सासू कोपऱ्यातून इचारती, टाकली का गं देवाची. पोरगी म्हणती, टाकली, थोडी हाय. सासू म्हणती, असू दे.

परवा एक बाई म्हणली, आता तर तुमच्या सुपात दाणे हायेत, आता तरी तू स्वतःची मूठ भरून टाक, देवाचं फिटू दे. म्या तिला म्हणलं, फिटायला मी तेचं काय घेतलेलं न्हाई. आमच्या घरची देवाची मूठ हीच. जेवढी बसंल तेवढी.